सत्ताविसाव्या अंकाचं शेवटचं पान

मंडळी, पुढे सरकून बसा. मागे अजून माणसं येतायत, खांबाला टेकून बसणाऱ्यांनी जरा पाय आवरा. पूर्वरंग झाला, आमचे हार्मोनियमवाले नारायणराव घाम पुसतायत, तेवढ्यात मी तुम्हाला एक विचारून घेतो.

घटकाभर आपण निष्ठेवर बोललो. माना डोलावल्यात सगळ्यांनी. आता मला सांगा — निष्ठा ठेवायची ती नेमकी कशावर? जे लिहिलंय त्या अक्षरावर? की ते अक्षर वाचून आपण जसे झालो, त्यावर? बोला! आता मात्र सगळे सिद्धनाथाच्या कळसाकडे बघायला लागले.

गेल्या साली याच मंडपात मी एका राणीची कथा लावली होती. आरती झाल्यावर या पहिल्या रांगेतल्या काकू मला म्हणाल्या — हो, तुम्हीच, हसू नका — "बुवा, मागच्या खेपेला राणी विहिरीवर रडली होती. यंदा माडीवर रडली." मी म्हटलं, "काकू, रडली ना? मग झालं तर!" लोक हसले, मीही हसलो. पण परतीच्या एसटीत ते माझ्या डोक्यातून जाईना. आम्ही कीर्तनकार कथेला इकडून ओढतो, तिकडून झाकतो. यात कथेशी बेइमानी किती आणि कथेची चाकरी किती? मला अजून सांगता येत नाही.

म्हणून आज आख्यान लावलंय ते पुराणातलं नाही. ऐकून घ्या, चपला शोधू नका! आख्यान आहे एका सिनेमाचं. आणि ते याच गावात, करंजवड्यात घडलेलं आहे. ज्यांच्या घरात घडलं ती माणसं इथं बसली आहेत आणि त्यांची परवानगी घेतली आहे. नाहीतर उद्या माझ्या धोतराची गाठ आणि त्यांचा हात.

ढालकरी कुणाकुणाला आठवतो? हात वर करा. बघा! पन्नाशीच्या पुढचे सगळे हात वर. पोरांनो, तुमच्यासाठी सांगतो. आम्ही लहान होतो तेव्हा कोल्हापूरच्या एका छोट्या छापखान्यातून महिन्याला एक चित्रांचं पुस्तक निघायचं. काळ्या शाईत, स्वस्तातल्या कागदावर. त्याचा नायक हा ढालकरी. घाटातून टपालाची पिशवी नेणारा साधा गडी. एक दिवस पाठीला बांधलेल्या पितळी परातीवर वीज पडते आणि त्या परातीची होते ढाल — तोफेचा गोळा आला तरी ओरखडा उठत नाही अशी. पण गंमत काय, या गड्याकडे हत्यार नाही! तलवार नाही, बंदूक नाही. तो कुणाला मारत नाही, फक्त अडवतो. दुष्ट माणूस मारून मारून दमतो आणि खाली बसतो. आम्हा पोरांना वाटायचं, जगात असंच असतं.

गावात हे पुस्तक विकत कोण घेणार? लोकहित वाचनालयात एक अंक यायचा. एका अंकाला साठ पोरं. ग्रंथपाल होत्या विमलताई देवकुळे. त्या घड्याळ समोर ठेवून प्रत्येकाला अर्धा तास द्यायच्या. त्या खांबाशी बसल्यात बघा, पांढरी साडी. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आहेत, अजून चष्म्यावरून बघतात आणि मी अजून नजर चुकवतो.

त्यातला सत्ताविसावा अंक म्हणजे कळस. साळिंदर नावाचा चोर गावाची घंटा चोरतो आणि कुठं लपवली ते सांगत नाही. पाठलाग होतो. कड्यावरून साळिंदराचा पाय सुटतो आणि तो लोंबकळतो — कशाला? ढालीच्या काठाला! वर ढालकरी, खाली दरी. आता पुढे काय?

करंजवड्यातल्या पन्नाशीच्या कुठल्याही माणसाला विचारा, तो डोळे मिटून सांगेल. ढालकरी साळिंदराला वर ओढतो. मग सव्वीस अंकांत जे केलं नाही ते करतो — ढाल जमिनीवर ठेवतो, आणि म्हणतो, "जा. वाटेल तेव्हा घेऊन ये. दार लावलेलं नाही." संपला अंक!

हे वाक्य एका पोराच्या काळजात जाऊन बसलं. त्याचं नाव रंगनाथ ढोबळे. स्टँडमागे मोटारी भरायचं दुकान आहे ते. मोटर जळाली की तांब्याची तार नव्यानं गुंडाळून देतात. तांब्याचा भाव तुम्हाला माहीत आहे. एकोणीस वर्षांपूर्वी दुकानातली तारेची दोन बंडलं गेली. कामाला असलेल्या अंकुशनं नेली हे आळीला ठाऊक. लोक म्हणाले, पोलिसात दे. रंगनाथ सायकल काढून अंकुशच्या घरी गेला, दारातच उभा राहिला, आणि म्हणाला, "वाटेल तेव्हा घेऊन ये. दार लावलेलं नाही." एवढंच! आणि परत आला. बायको म्हणाली, "डोकं फिरलंय तुमचं." आठव्या दिवशी अंकुश तार खांद्यावर घेऊन दुकानात हजर. आज तेच दुकान अंकुश चालवतो, रंगनाथराव नुसते गल्ल्यामागे पेपर वाचतात. आणि दुकानाच्या आतल्या भिंतीवर तेलरंगात लिहिलंय, "दार लावलेलं नाही". नवीन गिऱ्हाईक म्हणतं, अहो, मग लावून घ्या ना, धूळ येतेय!

या रंगनाथाची एकुलती लेक केतकी. दुकानात तारेच्या रिळांवर बसून मोठी झाली. पुण्याला गेली, सिनेमाच्या कथा लिहायला लागली. आणि दोन वर्षांपूर्वी बातमी आली — ढालकरीचा नवा सिनेमा येणार, आणि लिहिणार कोण? केतकी ढोबळे! गावानं स्टँडवर फलक लावला. फलकावर केतकीचा फोटो लहान आणि नगरसेवकांचा मोठा, ते सोडा.

आता पूर्वी एक ढालकरीचा सिनेमा येऊन गेला होता. त्यात ढाल म्हणजे पिठाच्या डब्याचं झाकण, आणि मारामारीत नायकाची मिशी पडायची. तो सगळे विसरले होते. म्हणून हा नवा. त्याला म्हणतात रिबूट. काकू, रिबूट म्हणजे काय सांगू? मोबाईल अडकला की नातू काय करतो? बंद करतो आणि परत चालू करतो! तसं. जुनं विसरायचं, पहिल्यापासून सुरू. आपण संसारातही कितीदा म्हणतो की असं एकदा करता आलं तर, पण ते जाऊ दे, यजमान समोर बसलेत.

गावातल्या चाहत्यांचा एक व्हॉट्सॲप गट होता, "ढालकरी निष्ठावंत". चारशे माणसं. सिनेमाची झलक आली आणि भांडण पेटलं. पुस्तकात ढालीवर सात खिळे, सिनेमात नऊ! एक म्हणतो, दोन खिळ्यांनी काय बिघडलं? दुसरा म्हणतो, आज खिळे बदललेत, उद्या देव बदलाल! पुस्तकात तो वाटसरूंना "अहो" म्हणायचा, सिनेमात "अरे" म्हणतो. त्यावर दोन दिवस. मग गट फुटला आणि नवा निघाला — "ढालकरी मूळ निष्ठावंत". मी इथं घसा फोडून सांगतो तेव्हा शंभर डोकी जमतात, आणि दोन खिळ्यांवर सातशे निरोप!

पण हसू नका फार. माणसं भांडत होती ती खिळ्यांसाठी नाही. आपलं लहानपण कुणीतरी आपल्याला न विचारता हलवतंय, असं त्यांना वाटत होतं. मला ते समजतं.

सिनेमा लागला. गावच्या टॉकीजला पहिला दुपारचा खेळ, सगळं गाव आत. रंगनाथराव पहिल्या रांगेत, इस्त्रीचा सदरा घालून. खिळे नऊ दिसले, त्यांनी गिळले. "अरे" ऐकलं, तेही गिळलं. लेकीचं काम आहे. आणि मग आला कडा. साळिंदर लोंबकळतोय. टॉकीजमधली माणसं ओठांतल्या ओठांत ते वाक्य म्हणायला लागली, आरती म्हणावी तशी. आणि पडद्यावर ढालकरीनं काय केलं?

ढाल तिरकी केली.

साळिंदर दरीत गेला. रंगनाथराव उठले आणि चालू सिनेमातून बाहेर आले. तिथंच रस्त्यावर उभं राहून लेकीला फोन.

"केतकी, तू मूळ मोडलंस."

"बाबा, मी मुळाबरहुकूम लिहिलंय. शेवट जसाच्या तसा आहे."

"मला शिकवतेस? मी दहा वर्षांचा असताना वाचलाय तो अंक. तू वाचलाही नाहीस आणि लिहायला बसलीस."

"वाचलाय बाबा."

"खोटं बोलू नकोस."

फोन बंद. एवढ्यावर थांबले असते तर घरातलं घरात राहिलं असतं. पण हाताशी मोबाईल! चारशे माणसांच्या गटावर त्यांनी लिहिलं, "लेखिकेनं मूळ अंक वाचलेला नाही. ती खोटं बोलते आहे. चित्रपट कुणी पाहू नये." लेखिकेचं नाव लिहिलं नाही. बापाला लेकीचं नाव लिहवलं नाही, तरी खोटारडी लिहवलं.

चार महिने बापलेकीचं बोलणं बंद. दिवाळीला ती आली नाही. आईनं करंज्या एसटीच्या कंडक्टरबरोबर पुण्याला पाठवल्या. रंगनाथरावांनी विचारलं नाही की डबा कुठं चाललाय, फक्त डब्याला दोरी नीट बांधून दिली. आता ही दोरी बांधणारा माणूस फोन का करत नाही? तुम्ही सांगा. तुमच्यातही असे पाच-सहा बसलेत, मला इथून दिसतात.

आता तुम्ही म्हणाल, बुवा, कुणीतरी एक खोटं असणार ना? थांबा. दोघंही खरं बोलत होते. ते कसं, ते बघा.

देवदिवाळीनंतर केतकी गावात आली. घरी गेली नाही, थेट वाचनालयात गेली आणि बापाला निरोप धाडला, "अंक उघडू या. मी खोटं बोलते का ते सगळ्यांसमोर ठरू दे." रंगनाथराव आले ते दहा-बारा निष्ठावंत घेऊन. मागोमाग अंकुश आला. निवृत्त होऊन किती वर्षं झाली, तरी विमलताईंना घरून बोलावून आणलं, कारण जुन्या अंकांच्या कपाटाची किल्ली कुणाला सापडत नव्हती. ती त्यांच्याच जुडग्यात होती.

केतकीनं आधी आपला कागद काढला. ज्या चित्रकारानं ढालकरी काढला त्याच्या घरी जाऊन मूळ चित्राची छायाप्रत आणली होती तिनं. त्यात ढाल तिरकी. चोर दरीत. रंगनाथराव म्हणाले, "हे मागाहून काढलं असेल. आमचा अंक बघ." आणि खाकी पुठ्ठ्यात एकत्र बांधलेला जुन्या अंकांचा खंड त्यांनी उघडला. शेवटचं पान. "वाच. मोठ्यानं वाच!"

पोरीनं वाचलं. "जा. वाटेल तेव्हा घेऊन ये. दार लावलेलं नाही." वाचता वाचता तिचा आवाज बारीक झाला. निष्ठावंतांनी टाळ्या वाजवल्या. पण ती त्या पानावरून बोट फिरवत होती. म्हणाली, "बाबा, हा कागद जाड आहे."

खंडातला तो शेवटचा अंक, त्यामुळे पानाची पाठ पुठ्ठ्याला चिकटलेली. खळ जुनी झालेली. तिनं अलगद कोपरा उचलला आणि पान खिडकीच्या उजेडावर धरलं. चित्राच्या आरपार छापील रेघा दिसायला लागल्या. नाव. पत्ता. व्यवसाय. वाचनालयाचा सभासद अर्ज होता तो! कोऱ्या पाठीवर चित्र काढलेलं.

सगळे वळले विमलताईंकडे. ताई खुर्चीत बसून चष्मा पुसत होत्या. म्हणाल्या, "मी काढलंय. काचेवर धरून आधीच्या पानांतली चित्रं उतरवली, अक्षर तेवढं घोटून घोटून जमवलं. तुम्ही कुणी ओळखलं नाहीत, याचा मला तेव्हा फार अभिमान वाटला होता."

"पण का, ताई?" रंगनाथराव कसेबसे म्हणाले.

"अंक आल्यावर दुसऱ्याच दिवशी, तुम्हाला वाचायला काढायच्या आधीच, कुणीतरी शेवटचं पान फाडून नेलं. तुम्ही साठ जण दारात रांग लावून उभे. शेवट काय होता ते मी वाचलेलं होतं, तसाच काढणार होते. मग म्हटलं, नेणारा तुमच्यातलाच. तो पुन्हा येणार, रांगेत उभा राहणार, आपण केलेलं लपलं का ते बघायला अंक उघडणार. त्याला काय दाखवू? दरी दाखवू? म्हणून ते लिहिलं. ते त्याच्यासाठी होतं रे. बाकीच्यांनी वाचलं ते वाचलं."

"मग? आणून दिलं त्यानं?"

"नाही," ताई म्हणाल्या. "वाचलं की नाही, तेही मला कळलं नाही."

मंडळी, रंगनाथराव बाकावर बसले. हातातला खंड मिटवेना आणि उघडवेना. म्हणाले, "म्हणजे चाळीस-पंचेचाळीस वर्षं मी खोट्याला धरून बसलो. आणि खऱ्यासाठी पोरीला खोटारडी म्हणालो."

आणि मागून अंकुश, जो उभ्या आयुष्यात चार माणसांत बोलला नाही, तो म्हणाला, "शेठ, पान खोटं निघालं. मग मी काय करू? तार घेऊन परत जाऊ का?"

आधी कुणीतरी फिसकन हसलं. मग सगळेच हसले. रंगनाथराव हसता हसता रडायला लागले, आणि केतकी त्यांच्या शेजारी येऊन बसली. म्हणाली, "बाबा, लहानपणी तुम्ही मला ही गोष्ट सांगायचात ना, तेव्हा मला वाटायचं, मी घाबरू नये म्हणून शेवट तुम्ही बदलता. पुढे पुन्हा छापलेला अंक वाचला, तेव्हा खात्रीच झाली. भिंतीवरचं वाक्य तुमचं स्वतःचं आहे, असं मी आजवर समजत होते. ते सिनेमात घालायला मला लाज वाटली. म्हटलं, घरचं कशाला घुसवायचं? मुळाला धरून राहावं."

ऐकलंत? बाप ज्याला मूळ म्हणत होता, लेक त्याला बापाचं म्हणत होती.

त्याच बाकावर बसून रंगनाथरावांनी गटावर लिहिलं, "लेखिकेनं मूळ वाचलं होतं. मी वाचलं नव्हतं. ती माझी मुलगी केतकी आहे. — रंगनाथ ढोबळे." नावासकट! मग दोघं तालुक्याला जाऊन सिनेमा पूर्ण बघून आले, शेवटाच्या पुढची पाच मिनिटंसुद्धा. बाहेर आल्यावर म्हणाले, "शेवट मला नाही पटला. पटणारही नाही. पण ढाल उत्तम केलीत तुम्ही. खिळे मात्र सात हवे होते." केतकी म्हणते, त्या दिवशी तिला तो सिनेमा लिहिल्याचा पहिल्यांदा आनंद झाला.

आख्यान इथं संपवता आलं असतं. नारायणराव, सुरावर हात ठेवू नका इतक्यात.

गेल्या महिन्यात रंगनाथराव या कीर्तनाचं आमंत्रण घेऊन माझ्याकडे आले. आता बुवा म्हणता तुम्ही मला, पण मी याच गावचा श्रीपाद. पंधराव्या वर्षी कीर्तन शिकायला गाव सोडलं. तर ते ही हकिकत सांगत होते, आणि विमलताईंचं ते बोलणं आलं — "वाचलं की नाही, तेही मला कळलं नाही" — तेव्हा माझ्या हातातला चहा तसाच राहिला. त्यावर साय धरली. ते गेल्यावर मी पोथीचं फडकं सोडलं.

ही माझी पोथी. हे तिचं फडकं. रोज हिला हात जोडतो, हिच्यावर हात ठेवून तुम्हाला निष्ठा सांगतो. आणि फडक्याच्या या आतल्या घडीत, बघा, हा कागद आहे. पिवळा पडलाय. घडीवर फाटलाय. ढाल तिरकी आहे.

हो. ते पान मी फाडलं. शेवटचं चित्र आवडलं होतं, घरी ठेवायचं होतं, बस्स. आठ दिवसांनी रांगेत उभा राहिलो, ताई म्हणाल्या तसाच, लपलं का ते बघायला. अंक उघडला. ताई, मी वाचलं होतं! त्याच क्षणी मला कळलं की हे माझ्यासाठी लिहिलंय. साठ पोरांत एकट्या मला कळलं. अर्धा तास नुसता बसून राहिलो आणि घरी गेलो. दुसऱ्या दिवशी नेऊन देऊ म्हटलं. मग पुढच्या आठवड्यात. मग गावच सुटलं.

आता सांगा, निष्ठावंत कोण? खरं पान माझ्याकडे होतं. सत्तेचाळीस वर्षं, देवाच्या पोथीत, फुलासारखं जपलं. आणि चोरासाठी लिहिलेलं वाक्य भलत्याच पोरानं उचललं, त्याच्यावर एका माणसाला पुन्हा उभं केलं. मी दुसऱ्यांच्या घरची आख्यानं लावत फिरलो.

थांबा, मी खाली उतरतो. उपरणं धरा कुणीतरी. ताई, उठू नका. हे घ्या.

मंडळी, ताई काय म्हणतायत ते मागच्यांना ऐकू गेलं नसेल, मी सांगतो. त्या म्हणतायत, "श्रीपाद, फार उशीर केलास. आता चिकटवू कुठं?" रंगनाथराव तिकडून म्हणतायत, माझ्या पानाच्या वर नको. केतकी म्हणतेय, शेजारी. ठरवा तुम्ही आपसांत, पण पुन्हा गट फोडू नका!

आणि बाकीच्यांनो, माझ्याकडे बघून डोळे कसले पुसता? घरी जा आणि आपापलं फडकं सोडा. कुणाचं काहीतरी घडी घालून ठेवलेलं असेलच. भावाचं असेल, शेजाऱ्याचं असेल, न केलेला एखादा फोन असेल. कुणीतरी तुमच्यासाठी वाक्य लिहून ठेवलंय आणि अजून वाट बघतंय. सत्तेचाळीस वर्षं लावू नका. या ताईंइतकं आयुष्य सगळ्यांना मिळत नाही.

सिद्धनाथा, मला एवढं बळ दिलंस, यांनाही दे. नारायणराव, आता द्या सूर. आणि मंडपाच्या दाराशी बसलेल्यांनो, गार वारा येतोय म्हणून ते ओढून घेत होतात ना मघाशी? राहू दे उघडं.